रंगवलेला नकाशा, बुजवलेलं बीळ

भारतीय खवले मांजराच्या आढळाचा नकाशा जगभर साधारण एकाच पद्धतीने छापला जातो. पाकिस्तानातल्या पोटोहार पठारापासून रंग सुरू होतो, हिमालयाच्या पायथ्याने नेपाळच्या तराईत शिरतो, ईशान्येच्या अलीकडे विरतो आणि खाली सगळा दख्खन, सगळं कोकण व्यापून समुद्रापलीकडे श्रीलंकेत जाऊन थांबतो. कोल्हापूर जिल्हा या रंगात अख्खा बुडालेला असतो. शिरोळच्या ऊसमळ्यावर जी छटा, तीच गगनबावड्याच्या रानावर.

जिल्हा ठाऊक असलेल्या कुणालाही हे पाहून हसू येईल. शिरोळात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि गगनबावड्यात पाच हजारांच्या वर. दोन्हींमधलं अंतर एसटीने सकाळी निघालं तर जेवायच्या आत संपतं. पूर्वेला काळी, खोल, पाणी धरून ठेवणारी जमीन. पश्चिमेला जांभा, तांबडी माती आणि उघडे सडे. मधे पन्हाळ्यापासून भुदरगडपर्यंत डोंगरांच्या सोंडा पूर्वेकडे उतरत आलेल्या. एवढ्या चढउतारात एक लाजरा, रात्री हिंडणारा, माती उकरून जगणारा प्राणी सगळीकडे सारखाच पसरलेला असेल, हे शक्य नाही. मग तो नेमका कुठे आहे? जिल्ह्याच्या पश्चिम कडेने फिरताना मी हा प्रश्न ज्यांना विचारला त्यात गुराखी होते, वनखात्याची माणसं होती, शेतकरी होते. उत्तरं मिळाली, पण त्यांचं काय करायचं हा प्रश्न उत्तरांपेक्षा अवघड निघाला.

आधी या जनावराच्या पोटापाण्याचं बघू, कारण त्याचा भूगोल पोटातून सुरू होतो. खवले मांजराला दात नाहीत. मुंग्या, त्यांची अंडी आणि वाळवी यांवर ते जगतं. पुढच्या पायांच्या दणकट नख्यांनी वारूळ फोडायचं, वीतभराहून लांब चिकट जीभ आत सोडायची आणि जे चिकटेल ते गिळायचं. चावायला काही नसल्याने पोटात गेलेली बारीक खडी आणि माती जात्याचं काम करते. मुंग्या खाणाऱ्या दक्षिण अमेरिकी प्राण्यांशी त्याचं नातं असेल असं पूर्वी मानत. जनुकं तपासल्यावर ते मांसाहारी गणाच्या, म्हणजे कुत्र्यामांजरांच्या जवळचं निघालं. अंगावरचे खवले केराटिनचे, आपल्या नखांचं असतं त्याच द्रव्याचे. जगातल्या सस्तन प्राण्यांत असं चिलखत दुसऱ्या कुणाला नाही. पिल्लू बहुधा एकच, आणि आई त्याला शेपटीच्या बुडाशी बसवून हिंडवते. वर्षाला एकाच्या हिशेबाने वाढणाऱ्या जातीला दोनचार वाईट वर्षंही महागात पडतात.

म्हणजे त्याला दोन गोष्टी लागतात: वाळवी-मुंग्यांची बारमाही सोय आणि उकरता येईल पण ढासळणार नाही अशी जमीन. जंगल दाट आहे की विरळ, हे त्यानंतर. म्हणूनच भारतीय खवले मांजर सिंधच्या कोरड्या मुलखातही सापडतं आणि श्रीलंकेच्या सदाहरित रानातही. निलगिरीत ते दोन हजार मीटरच्या वर नोंदलं गेलंय. श्रीलंकेत रबराच्या लागवडीलगतही त्याची बिळं मिळाली आहेत. वाघाला जसं मोठं, सलग, सावजांनी भरलेलं रान हवं, तसा याचा हट्ट नाही. नांगर न लागलेला बांध, दगडी ताल, देवराईची कड, डोंगराच्या उताराला पडीक ठेवलेलं वरकस रान एवढ्यावर त्याचं भागू शकतं.

हे लक्षात घेऊन कोल्हापूरकडे बघितलं की नकाशातला रंग आपोआप फाटायला लागतो. पंचगंगा आणि कृष्णेच्या काठची काळी जमीन वर्षातले बरेच महिने ओली असते, उन्हाळ्यात भेगाळते, दर हंगामाला ट्रॅक्टरखाली उलथते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे पूर आठवा. शिरोळ, करवीर, हातकणंगल्याच्या सखल शिवारात तेव्हा बिळात राहणाऱ्या कुठल्या जनावराची धडगत असेल? उसात कोल्हा राहतो, बिबट्याही जाऊन येतो. खवले मांजराला तिथे घर करणं कठीण. उलट शाहूवाडी, पन्हाळ्याचा पश्चिम भाग, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात उताराची निचऱ्याची तांबडी माती आहे, वारुळं आहेत आणि शेत-रानाच्या सीमा अजून पुसलेल्या नाहीत. जांभ्याच्या सड्यांच्या कडेला, जिथे कातळ संपून माती सुरू होते, तिथे बीळ करायला निसर्गाने जागा आयत्या ठेवल्या आहेत. गंमत अशी की त्याच जांभ्याच्या टोपीत बॉक्साईटही आहे, आणि राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या डोंगरमाथ्यांवर त्याच्या खाणी निघाल्या. सड्याची टोपी खरवडून काढल्यावर खाली काय उरतं, ते पाहायला कुणी प्राणिशास्त्रज्ञ लागत नाही.

पण आहे म्हणायला पुरावा काय? प्राणी दिसणं हा जवळजवळ योगायोग. दिवसभर तो बिळात झोपतो, आणि आत गेल्यावर बऱ्याचदा आतूनच मातीने तोंड बुजवून घेतो. मऊ मातीत बीळ पाच-सहा मीटरही आत जातं. त्यामुळे जाणकार प्राणी शोधत नाहीत, उकीर शोधतात. ताज्या मातीचा ढीग, नख्यांचे लांब ओरखडे, फोडलेलं वारूळ. खाण्यासाठी उकरलेले खड्डे उथळ आणि जागोजाग असतात, राहतं बीळ खोल आणि एकटं. साळिंदराच्या बिळाशी घोटाळा नेहमीचा; पण साळिंदराच्या दाराशी काटे पडलेले असतात, कुरतडलेली हाडं असतात. खवले मांजराची विष्ठा हाती लागली तर तिच्यात माती आणि मुंग्यांची डोकी भरलेली. मग बिळाच्या तोंडासमोर कॅमेरा ट्रॅप लावून वाट बघायची. यातलं निम्मं ज्ञान कुठल्याही पुस्तकाआधी गुराख्यांकडे आणि धनगरवाड्यांवरच्या लोकांकडे होतं. अडचण इतकीच की याच ज्ञानावर शिकारीही चालते.

जुन्या नोंदींची मदत होत नाही. कोल्हापूर हे शिकारीचं संस्थान. पाळीव चित्त्यांकडून काळविटाची शिकार करवण्याचा इथला शौक देशभर ठाऊक होता, आणि दाजीपूरचं रान छत्रपतींचं राखीव शिकारक्षेत्र. १९५८ साली तिथेच गव्यांसाठी महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य झालं. वाघ, गवा, अस्वल, बिबट्या यांची दखल बंदुकीने घेतली. मुंग्या खाणाऱ्या, भिंतीवर टांगायला निरुपयोगी जनावरासाठी रात्र जागवायचं कारण कुणाला नव्हतं. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी ते इथे किती होतं आणि आज किती कमी झालं, या तुलनेला खालचा पायाच नाही. आणि हे एकट्या कोल्हापूरचं नाही. भारतीय खवले मांजराची देशभरातली विश्वासार्ह संख्या आजवर कुणी काढलेली नाही.

बाकीच्या जगात काय आहे ते थोडक्यात सांगतो. शाळेत शिकवावं असं जुनं गणित आठाचं: चार जाती आशियातल्या, चार आफ्रिकेतल्या. आशियात भारतीय, चिनी, सुंदा आणि फिलिपिनी. चिनी खवले मांजर नेपाळ, भूतान, आपली ईशान्य, म्यानमार, दक्षिण चीन, तैवान असं पसरलेलं. सुंदा म्यानमारपासून जावा-बोर्निओपर्यंत. फिलिपिनी तर पलावान आणि आसपासच्या बेटांपुरतंच. आफ्रिकेत महाकाय, पांढऱ्या पोटाचं, काळ्या पोटाचं लांब शेपटीचं आणि टेमिंकचं. पहिली तीन पश्चिम-मध्य आफ्रिकेतल्या रानांची. टेमिंकचं सुदानपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या कोरड्या गवताळ मुलखाचं. २०१९च्या मूल्यांकनात चिनी, सुंदा आणि फिलिपिनी या तिन्ही जाती अतिसंकटग्रस्त ठरल्या. भारतीय, महाकाय आणि पांढऱ्या पोटाची या संकटग्रस्त. उरलेल्या दोन असुरक्षित. सुखरूप असलेली एकही नाही. आणि या कुळाचे सर्वांत जुने पूर्ण सांगाडे कुठले, तर जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीतले, सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचे. आज युरोपात एकही जात नाही. नैसर्गिक आढळ म्हणजे कायमचा सातबारा नव्हे, एवढं मेसेल सांगतं.

आठाचं गणितही आता ढळलंय. २०२३मध्ये चिनी संशोधकांनी एक वेगळीच जात जाहीर केली, तीसुद्धा जिवंत प्राणी न पाहता, जप्त झालेल्या खवल्यांच्या जनुकांवरून. २०२५मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अरुणाचलातल्या नमुन्यांवरून आणखी एक जात मांडली. चिनी खवले मांजरापासून ती सुमारे ३४ लाख वर्षांपूर्वी फुटली असं त्यांचं म्हणणं. यातली पहिली गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. एखादा प्राणी जगात आहे हे आपल्याला त्याच्या मुद्देमालावरून कळतं.

खरं म्हणजे आपल्याकडेही तेच चाललंय. खवले मांजराचा दुसरा नकाशा वनखात्याच्या पंचनाम्यांतून तयार होतो. ट्रॅफिक या संस्थेच्या भारतातल्या अभ्यासानुसार २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत ३४२ जप्तींमध्ये १,२०३ खवले मांजरं सापडली. २४ राज्यं आणि एका केंद्रशासित प्रदेशातली ही नोंद. ओडिशा पहिला, ७४ घटना. आणि पाठोपाठ महाराष्ट्र, ४७ घटना व १३५ प्राणी. यातल्या जवळपास निम्म्या घटनांत प्राणी जिवंत होता. हे फक्त पकडले गेलेल्यांचं. या आकड्यांमागची बाजारपेठ केवढी, याचा अंदाज सिंगापूरने दिला: एप्रिल २०१९मध्ये एका आठवड्याच्या आत दोन कंटेनर धरले गेले, एकात १२.९ टन खवले, दुसऱ्यात १२.७ टन. दोन्ही माल नायजेरियाहून व्हिएतनामकडे निघालेला. मिळून सुमारे ३८ हजार प्राण्यांचा अंदाज बांधला गेला.

आशियातल्या जाती विरळ झाल्या म्हणून तस्करी आफ्रिकेकडे वळली, असं सरसकट सांगतात. ते बव्हंशी बरोबर आहे, पण त्यामुळे भारतीय जात सुटली असं मात्र नाही. पाकिस्तानच्या पोटोहार पठारावर २०१०नंतरच्या मोजक्या वर्षांत तिची संख्या जवळपास ८० टक्क्यांनी घसरल्याचं तिथल्या संशोधकांनी नोंदवलं. नकाशावर पोटोहारचा रंग आजही तितकाच गडद आहे.

जप्तीवरून काढलेल्या नकाशात एक मोठी खोट आहे, आणि कोल्हापूरइतकी ती कुठे स्पष्ट दिसणार नाही. पुणे-बंगळूर महामार्ग शहराला खेटून जातो. आंबा घाट, करूळ, भुईबावडा, फोंडा हे घाट कोकणातून वर येतात. आजरा-चंदगडकडून बेळगाव आणि गोवा हाकेच्या अंतरावर. कोकणातल्या एखाद्या वाडीवर पकडलेलं जनावर पोत्यात घालून घाटावर आणलं, बनावट गिऱ्हाईक बनून सापळा लावलेल्या पथकाने ते महामार्गालगतच्या लॉजवर धरलं, तर नोंद कोल्हापूरच्या नावावर पडते. ते जनावर कुठल्या डोंगरातलं, हे आरोपी सांगेल तेवढंच कळणार. आणि आरोपी बहुधा मधला माणूस असतो, ज्याला ते खरंच ठाऊक नसतं. म्हणजे जप्तीचा नकाशा खवले मांजर कुठे राहतं ते दाखवत नाही. रस्ते कुठून जातात आणि कुठल्या तालुक्यात खबरे चांगले आहेत, ते दाखवतो.

मागणीचीही आपल्याकडे एक खास गावठी तऱ्हा आहे. चीन-व्हिएतनामच्या औषधांबद्दल आपण तावातावाने बोलतो. चीनने २०२०मध्ये खवले मांजराला सर्वोच्च संरक्षण दिलं आणि कच्चे खवले अधिकृत औषधसूचीतून काढले, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी टाळ्या वाजवल्या. इकडे मांडूळ, वीस नखांचं कासव आणि खवले मांजर ही यादी पैशांचा पाऊस पाडणाऱ्या भोंदूंच्या तोंडी असते. अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने २०१३मध्ये केला. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहेच, तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे, दंड २०२२च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार झाला. तरी लाखोंचे, कोटींचे भाव ऐकून कर्ज काढून या धंद्यात उतरणारी पोरं दरवर्षी सापडतात. मला यात सर्वांत जास्त राग येतो तो बातमीतल्या एका वाक्याचा: ‘आंतरराष्ट्रीय बाजारात किंमत इतके लाख.’ पोलिसांच्या पत्रकातून उचललेला हा आकडा पुढच्या गावात जाहिरातीचं काम करतो. तो छापणं आपण पत्रकारांनी उद्यापासून बंद केलं तर कुणाचंही नुकसान होणार नाही.

जिवंत सापडलेल्या प्राण्याची कथा जप्तीनंतर सुरू होते आणि बऱ्याचदा तिथेच संपते. दिवसचे दिवस पोत्यात, उपाशी, पाण्याविना, वर माणसांची हाताळणी. बंदिवासात खवले मांजर सहसा खात नाही, खाल्लं तर पचवत नाही. भुवनेश्वरच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात २००९पासून त्यासाठी खास प्रजनन केंद्र आहे. अशी ठिकाणं देशात अपवादच. साधारण रीत म्हणजे पशुवैद्याला दाखवून, न्यायालयाची परवानगी घेऊन जवळच्या रानात सोडून देणं. पण जवळचं रान म्हणजे त्याचं रान नव्हे. मध्य प्रदेशात वनविभाग आणि वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट यांनी सुटका केलेल्या प्राण्यांवर आधी उपचार केले, मग रेडिओ टॅग लावून त्यांचा रानात माग ठेवला. सोडलं म्हणजे वाचलं हे गृहीत न धरणारे असे प्रयोग सह्याद्रीतही लागतील.

कोल्हापूरला रानं नाहीत असं नाही. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१०चा, चांदोली आणि कोयना मिळून झालेला, आणि त्याचं मुख्यालय कोल्हापुरात. राधानगरी आणि चांदोली २०१२पासून जागतिक वारशाच्या यादीत. २०२०-२१च्या सुमारास विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर झाली आणि चांदोलीपासून तिलारीपर्यंतचा वाघाचा रस्ता कागदावर तरी जोडला गेला. हे मोठंच काम. मात्र या सीमा आखताना नजरेसमोर वाघ होता, गवा होता. खवले मांजर जिथे असण्याची शक्यता दाट, त्या बांधांच्या, वरकसांच्या, वाड्यांच्या मागच्या उतारांच्या जमिनी बहुतेक खाजगी आहेत. तिथे वनरक्षक फिरत नाही. तिथे रानडुकरासाठी फासक्या लागतात, आणि गव्यांपासून भातनाचणी वाचवायला आता जागोजाग झटका मशीनच्या तारा आल्यात. दक्षिण आफ्रिकेत टेमिंकचं खवले मांजर विजेच्या कुंपणावर मोठ्या संख्येने मरतं: धक्का बसला की ते घाबरून अंग गुंडाळून घेतं, आणि गुंडाळताना तारेलाच कवटाळून बसतं. वाघालाही भारी पडणारा त्याचा बचाव तारेपुढे फशी पडतो. तिथे सगळ्यात खालची तार थोडी वर घेऊन बघण्याचे प्रयोग झालेत. आपल्याकडे झटका मशीनला अनुदान देताना तारेची उंची कुणी विचारतं का, हे तालुका कृषी कार्यालयात जाऊन बघण्यासारखं आहे.

घाटाखाली मात्र एक वेगळी वाट निघाली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, म्हणजे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वेळासला समुद्री कासवांचं काम उभं केलं होतं. नंतर त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यात खवले मांजराचं काम हाती घेतलं. गावोगाव बैठका, बिळांचा शोध, बिळांसमोर कॅमेरे. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात फेब्रुवारीतल्या जागतिक खवले मांजर दिनाला ‘खवलोत्सव’ सुरू झाला. खवले मांजराची प्रतिकृती ग्रामदेवतेच्या पालखीत बसली, गावाने तिला मान दिला. शहरी वाचकाला यात थोडी नाटकी हौस दिसेल. मला त्यातली व्यवहारी अक्कल दिसते. पालखीत बसलेल्या जनावराला पोत्यात घालणाऱ्याची गाठ आता एकट्या वनखात्याशी नसते, अख्ख्या गावकीशी असते.

आणि इथे माझ्या लेखातली अडचण येते. आढळावर दीर्घ लेख लिहायचा म्हणजे ठिकाणं सांगायला हवीत; वाचक तेवढ्यासाठीच वाचतो. पण या प्राण्याच्या बाबतीत ठिकाण सांगणं म्हणजे पत्ता देणं. संशोधनपत्रिकाही दुर्मीळ, तस्करीग्रस्त जातींचे अक्षांश-रेखांश मुद्दाम ढोबळ करून छापतात. म्हणून वरच्या मजकुरात कोल्हापूरच्या पश्चिम पट्ट्यातल्या सात तालुक्यांची नावं आहेत, पण बीळ दिसलेल्या एकाही वाडीचं, सड्याचं, देवराईचं नाही. डुगव्याचं नाव लिहिता आलं, कारण ते सगळ्यांना ठाऊक असणं हेच डुगव्याचं संरक्षण आहे. आंबा घाटाच्या वरच्या बाजूला असं नाव अजून माझ्या हाती नाही.

तोवर ज्याला खवले मांजर दिसेल त्याने करायचं ते सोपं आहे. हात लावायचा नाही, गर्दी जमवायची नाही, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. फोटो काढलाच तर वनरक्षकाला पाठवावा, गावाच्या ग्रुपवर नको. नोंद ठेवायची असेल तर तारीख, वेळ, जमीन कसली होती, जवळ वारूळ होतं का, एवढं वहीत लिहावं आणि ठिकाणाच्या रकान्यात फक्त तालुका.